मुतलककाका कॉफी प्याले त्याची खरी हकिगत

प्रिय धैफल्लाहदादा यांस,

ऐन-सिद्रहून धाकटा चुलतभाऊ मुफ्लिह याचा आदरपूर्वक सलाम. तुझ्यावर, वहिनींवर आणि लेकरांवर अल्लाहची कृपा असो. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा दमा कसा आहे? अकबाची हवा अजून तशीच खारट आहे, की बंदरावरचे तुम्ही लोक आता तिला सरावलात? इकडे सगळं क्षेम आहे. ऑलिव्ह यंदा बरे धरलेत, माझी घाणी पुढच्या महिन्यात सुरू होईल. तुझे वडील खुशाल आहेत, फक्त माझ्याशी बोलत नाहीत. तुझी आईही खुशाल आहे, ती तुझ्या वडिलांशी बोलत नाही. दोन्हींचं कारण मी आहे असं एव्हाना कुणीतरी तुला कळवलं असेल, आणि चुकीचं कळवलं असेल, म्हणून हे पत्र. (फोन करत नाही, कारण वहिनी फोन स्पीकरवर ठेवून भाजी निवडतात, आणि तिथे कुणाच्या कानावर पडलेला शब्द संध्याकाळपर्यंत सगळ्या करकमध्ये फिरून माझ्याच दारात परत येतो.)

त्या सकाळी मी पहाटेची नमाज आटोपून गाद्यांच्या खोलीत बसलो होतो. पाहुण्यांसाठीच्या लोकरीच्या गाद्या आणि रजया तिथे छतापर्यंत रचलेल्या आहेत, त्यामुळे आवाज घुमत नाही. माझा पॉडकास्ट मी तिथेच करतो. मागे तू विचारलं होतंस की हा रेडिओच ना. रेडिओच, पण ऐकणारा आपल्या सवडीनं ऐकतो आणि मध्ये बातम्या नसतात. जुन्या काळावर कादंबऱ्या लिहिणारी माणसं मी बोलावतो, कॉफी देतो आणि विचारतो की यात खरं किती आणि मनचं किती. कार्यक्रमाचं नाव 'निखाऱ्यापाशी'. त्याला एकच नियम आहे: बोललेलं कापायचं नाही. अम्मानच्या एका हुशार मुलीनं मला सल्ला दिला होता की सुरुवातीची ख्यालीखुशाली कापा, लोकांना घाई असते. मी म्हटलं, बाई, ज्यानं समोरच्याच्या आईची तब्येत विचारली नाही, त्याचं तुर्कांबद्दलचं म्हणणं कोण खरं मानेल? नियम तसाच राहिला. शेजारच्या अबू नवाफचं गाढव ओरडलं तर तेही राहतं. (त्या गाढवाचे चाहते आहेत. मला पत्रं येतात.)

तर त्या सकाळी मी सल्टच्या उस्ताद रातिब यांच्याशी झालेलं बोलणं कानाला हेडफोन लावून शेवटचं ऐकत होतो. पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी ते सोडायचं होतं. उस्तादांची नवी कादंबरी आपल्या भागावर आहे, आणि तिच्यात आपले पणजोबा शेख दुघैम आहेत. नाव बदललंय, पण तुटलेला दात आणि पिवळी घोडी कोण ओळखणार नाही? कादंबरीत सारा वसूल करायला तुर्की घोडेस्वार येतात तेव्हा शेख तलवार घेऊन उभे राहत नाहीत. ते धान्याच्या पेवात उतरून लपतात. हे मी आदल्या दिवशी पावाच्या भट्टीवर एका माणसाला, अगदी एकाच, कौतुकानं सांगितलं होतं. एवढीच माझी चूक, आणि ती मी मान्य करतो.

हेडफोन काढले तर अंगणात खोकण्याचे आवाज. बाहेर पाहतो तो आपल्या कुळातले सगळे म्हातारे, लग्नाला आणि खुनाच्या समेटालाच जे काळे झगे बाहेर निघतात ते अंगावर घालून, ओळीनं उभे. पुढे मुतलककाका. दादा, तुझ्या वडिलांना मी लहानपणापासून पाहतोय, पण त्या झग्यात ते मला जरा उंच वाटले. माझ्या लक्षात आलं की ही शिष्टाई आहे आणि मुलगी मागायला तर कुणी आलेलं नाही, कारण मला मुलगीच नाही.

मी त्यांना आत घेतलं, बसवलं, कॉफी ओतली. काकांनी बिनकानाचा तो छोटा कप उजव्या हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं, आणि न पिता समोर जमिनीवर ठेवला. बाकीच्यांनीही ठेवले. आता तुला मी काय सांगायचं! मागणं घेऊन आलेल्यानं कप असा ठेवला की यजमानानं 'प्या, तुमचं काम झालं' म्हणेपर्यंत तो उचलायचा नाही, आणि यजमानानं तो तसाच परत जाऊ दिला तर त्यानं पुढच्या सात पिढ्या गावात तोंड दाखवायचं नाही. मग काकांनी भाषण केलं. ते नूह पैगंबरांपासून निघाले, महापुरातून सुखरूप बाहेर पडले, आणि बऱ्याच वेळानं पेवापाशी पोचले. मागणं असं: गुरुवारच्या बोलण्यातून पेव काप.

माझी अडचण बघ. उस्ताद रातिबना मी माझ्याच छपराखाली शब्द दिला होता की तुमचं एक अक्षर कापणार नाही. तेही पाहुणे, हेही पाहुणे. एकाला दिलेला शब्द मोडायचा की दुसऱ्याचा कप गार होऊ द्यायचा? मी घाबरलो नाही. मी मनात बिस्मिल्ला म्हटलं आणि विचारलं, "काका, तुम्ही ते ऐकलंय का?"

"ऐकायचं काय त्यात? घाण हुंगून बघायची असते का?"

"न ऐकता न्याय करायचा म्हणजे काझी झोपेत निकाल देतो तसं झालं. आधी ऐका. मग मी तुम्हाला उत्तर देतो, हो किंवा नाही."

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. अबू नवाफ म्हणाला, "ऐकू या. ऐकायला काय पैसे पडतात?" (त्याला आपल्या गाढवाचा आवाज ऐकायचा होता.) मी फोन गाद्यांवर ठेवला आणि लावलं.

दादा, उस्ताद रातिब वाचायला बरे आहेत, पण बोलायला लागले की माणूस पाणी मागायचा विसरतो. ते सांगत होते: पेवाच्या तोंडावर दगड, त्यावर माती, मातीवर शेळ्या उभ्या केलेल्या. आत अंधारात शेख, आणि त्यांच्या बुडाखाली गावाचं सगळं बियाणं. हे बियाणं गेलं तर पुढच्या वर्षी गावच नाही. तुर्की जमादाराची घोडी नेमकी त्या दगडावर येऊन उभी राहते. टाप वाजते. भेगेतून माती शेखांच्या दाढीवर पडते, मग नाकात जाते. आणि शेखांना शिंक येते.

काका पुढे सरकले, आणखी पुढे सरकले. उस्तादांचा आवाज खाली खाली गेला. शिंक नाकाच्या शेंड्यापर्यंत आली. "दाब नाक!" काका ओरडले. "आजोबा, नाक दाबा!" आणि कोरड्या घशानं हात लांबवून त्यांनी समोरचा कप उचलला आणि एका घोटात रिकामा केला.

शेखांची शिंक आली की नाही ते नंतर कुणी ऐकलंच नाही. सगळे काकांच्या हातातल्या कपाकडे पाहत होते. अबू नवाफ हळूच म्हणाला, "मुतलक, हे काय केलंस?"

काकांनी कपात पाहिलं. "गार होत होती," ते म्हणाले.

रीत सरळ आहे. मागणं मंजूर होण्याआधी कॉफी प्यायली की मागणं संपलं. मी जिंकलो होतो. सगळे झगे सावरून उठले, आणि अबू नवाफ जाता जाता माझ्या कानात म्हणाला, "ते शिंकले का रे शेवटी?" काकांना मात्र त्या दिवसापासून गावानं सोडलेलं नाही. दुकानात गेले की कुणीतरी विचारतं, "काका, कॉफी आधी घेणार की काम झाल्यावर?" परवा जुम्याच्या नमाजला ते माझ्या शेजारची जागा सोडून पार चपलांपाशी जाऊन उभे राहिले. सज्द्यात कपाळ टेकलं तेव्हा माझ्या मनात अल्लाहच्या आधी ते आले, हे बरं नाही. कपाच्या चुकीनं मिळालेला विजय हा वाऱ्यानं पाडलेल्या ऑलिव्हसारखा असतो. तेल निघतं, पण कडू.

म्हणून नमाजनंतर मी माइक घेऊन त्यांच्याच घरी गेलो. म्हटलं, "काका, उस्तादांनी त्यांचं सांगितलं, आता तुम्ही तुमचं सांगा. मी ते त्यांच्या बोलण्याला जोडून लावतो. तुमचंही अक्षर कापणार नाही." काकांनी आधी तोंड फिरवलं, मग विचारलं की हे अमेरिकेतसुद्धा ऐकतात का, मग दाढी विंचरून बसले. आणि खरंच छान बोलले. तलवार होती, घोडी होती, जमादार पळाला होता. माझ्या अंगावर काटा आला.

तेवढ्यात आतून ताकाची कढई ढवळत असलेली तुझी आई बोलली. माइकमध्ये शब्द न् शब्द येईल इतकं स्वच्छ बोलली. "कसली तलवार? ते पेव या घराखाली आहे. लग्नानंतर तुम्हीच मला दाखवलंत. आणि तो सल्टचा उस्ताद कादंबरीसाठी विचारपूस करत आला होता तेव्हा त्याला मीच सांगितलं, जेवायला वाढताना. बियाण्यावर बसून राहिला तुमचा आजा, दोन रात्री, अन्नपाण्यावाचून. तलवार घेऊन उभा राहिला असता तर तुर्कांनी तिथेच कापला असता, गाव उपाशी मेलं असतं, आणि तुम्ही कुठून आला असतात हो, काळा झगा घालून मिरवायला?"

काका माइककडे पाहत म्हणाले, "हिचा आवाज काप."

काकू डाव घेऊन दारात आली. "काप बघू. माझा आवाज कापलास, मुफ्लिह, तर ईदचं मन्सफ, ते मटण आणि भात, तू अबू नवाफच्या गाढवाबरोबर खा."

आता माझ्यापुढे प्रश्न एवढाच: काकू राहते की जाते. काकूला कापलं तर नियम मेला आणि उस्तादांना दिलेल्या शब्दाला काही अर्थ उरला नाही. ठेवलं तर तुझे वडील माझ्या जनाज्यालाही येणार नाहीत. पण तू काळजी करू नकोस. मी विचार करतोय, शांत आहे, आणि आपल्या पणजोबांचा पणतू आहे. मी कुणालाही भीत नाही. जे ठरवीन ते गावाच्या मधोमध उभं राहून, सगळ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून करीन.

वहिनींना सलाम. मुलांच्या पापण्यांचे मुके.

तुझा,
मुफ्लिह

ता. क. : यापुढचं अक्षर हललेलं दिसेल, कारण बस मृत समुद्राकाठच्या रस्त्याला लागली आहे आणि ड्रायव्हर वळणं ओळखत नाही.

ता. क. : तुमच्या गच्चीवरची ती खोली रिकामी आहे का? फार दिवस नाही, काकांचा राग उतरेपर्यंत. म्हणजे घाणी सुरू होईपर्यंत म्हण. वहिनींना सांग की मी गेल्या वर्षीचा तेलाचा डबा घेऊन आलोय आणि माझं खाणं कमी आहे. हे पत्र दाराखालून आत सरकलं असेल तर सरकवणारा मीच. तोंडानं सांगायला लाज वाटली म्हणून लिहिलं. वाचून झालं असेल तर दार उघड, बाहेर ऊन आहे.

ता. क. : काका आता स्वतः कादंबरी लिहिणार म्हणतात. तुला फोन आला तर 'लिहा' म्हण, पण तुर्कांच्या आधीच्या काळावर लिहा म्हण. तिथे काकू कुणाला जेवायला वाढत नव्हती.

ता. क. : ते राहिलंच. बसमध्ये चढण्याआधी, एक पाय पायरीवर ठेवून, बिस्मिल्ला म्हणून बटण दाबलं. सगळं सोडलं. काकूसकट.