निखारे पेटवून निघून जाणारी फाईल

कोर्दोबा, २८ मे

प्रिय कोम्पाद्रे ओसीरिस,

सप्रेम नमस्कार. तिकडे साल्ताच्या थंडीत कोमाद्रे ब्रिखिदाचा गुडघा फार कुरकुरत नसेल, अशी आशा. इकडे सगळे खुशाल. माझा स्वाभिमान तेवढा अंथरुणाला खिळून आहे.

क्लबाच्या जेवणाच्या ऑर्डरी घेणारा प्रोग्राम माझा, हे तू जाणतोसच (पायथन मी कोणाकडेही शिकलो नाही, हेही). त्यात प्रत्येक पदार्थाची वेगळी फाईल. ती एका ओळीने नुसती इम्पोर्ट केली, म्हणजे आत बोलावली, की पदार्थ आपणहून मेनूवर चढतो. पुढे त्या फाईलीचं नावही कोणी घेत नाही. म्हणून कोड तपासणारा प्रोग्राम त्या ओळींखाली पिवळी रेघ ओढून 'विनावापर' म्हणत असे. मला पसारा खपत नाही. पंचवीस मेच्या आदल्या दिवशी त्या ओळी मी पुसल्या.

राष्ट्रदिनी सकाळी पान उघडलं. चूक एकही नाही. पदार्थही एकही नाही. पातेल्यात मक्याचा लोक्रो रटरटतोय आणि ऑर्डरींचा पत्ता नाही! अध्यक्ष एव्हारिस्तो डोक्यावर उभे: "अँसेल्मो, दुपारच्या आत सुधार, नाहीतर पुढच्या वर्षी ऑर्डरी घ्यायला तुझ्या यंत्राऐवजी रामोनाबाईंचा आवाज पुरे!" घाईघाईने ओळी मुख्य फाईलीच्या तळाशी परत घातल्या. पण मोकळ्या झालेल्या 'लोक्रो' या नावावर मी उरलेल्या वाट्यांचा आकडा बसवला होता. (नाव मोकळं कशाला ठेवायचं?) एका खुर्चीवर दोघे. आता पानच उघडेना.

तेवढ्यात मेहुणी एउलालिया बगलेत थर्मास मारून आली. "दाजी, फाईलीला कामाला बोलवा की! तिचं नाव भिंतीवर कशाला टांगताय?" तिने माझ्या ओळी काढून पायथनच्या इम्पोर्टलिब या हत्याराला फाईलीचं नाव नुसता मजकूर म्हणून दिलं आणि हाती आलेलं कशातच ठेवलं नाही. फाईल चालली, लोक्रो मेनूवर आला, माझा आकडा जागच्या जागी, आणि पाहुणीचं नाव घरात कुठेही नाही! "पिवळी रेघही नाही," ती म्हणाली, "म्हणजे तुमचे हात शिवशिवायला नकोत."

काय देखणं काम, कोम्पाद्रे! असादोला, मांस भाजायला, निखारे पेटवून देऊन, ताटावर न बसता घरी जाणारा शेजारी असतो ना, अगदी तसं. दुपारी पातेलं खरवडून निघालं. काम व्हावं, नाव उरू नये, हे मला कायमचं पटलं आहे.

तुझाच,
अँसेल्मो

ता. क. क्लबाने प्रोग्राम एउलालियाकडे सोपवला. मी हसतमुखाने संमती दिली.

ता. क. २. पानाच्या तळाशी 'निर्माता: अँसेल्मो किरोगा' अशी ओळ होती. ती तिने 'विनावापर' म्हणून पुसली. एव्हारिस्तो तुझा शब्द मोडत नाहीत. एक फोन कर ना. अक्षरं बारीक असली तरी चालतील. ठळक असली तर बरं.