दाताच्या दवाखान्यात सुटलेले टाके

ती. मावशीस,

शिरसाष्टांग नमस्कार. तुझं मनगट कसं आहे? खरं लिही. 'बरं आहे' असं लिहू नकोस, कारण पाय मोडला होता तेव्हाही तू तेच लिहिलं होतंस. इकडे सगळे ठीक. ह्यांची दाढ गेली, पण ती दुःखद वार्ता पुढे क्रमाने येईलच.

तर तू कातलेल्या लोकरीची शाल. मावशी, ती लोकर घरात आल्यापासून मला घास सुखाने गिळवला नाही. मनगटाने दगा दिला म्हणून तू तकली माळ्यावर टाकलीस आणि शेवटची लड माझ्याकडे पाठवलीस, म्हणजे तुटली-संपली तर पुन्हा मिळायची सोय नाही. त्यात जाळीची वीण. जाळी म्हणजे मुद्दाम पाडलेली भोकं. (सासूबाईंचं मत: भोकंच हवी होती तर घरात जुने बनियन काय थोडे आहेत?) ती ठरल्या जागी पडली तर नक्षी, भलतीकडे पडली तर भगदाड. तुझा धागा कुठे गुबगुबीत, कुठे केसासारखा बारीक. बारीक जागा आली की मी श्वास रोखायची, आणि नेमक्या तेव्हाच सासूबाई विचारायच्या, गॅस बंद केलास का. (त्यांनी जन्मभर शाळेत शिवण शिकवलं. निवृत्त झाल्यापासून नापास करायला त्यांना मी एकटीच उरले आहे.)

शाल निम्म्याच्या पुढे गेली आणि ह्यांची दाढ ठणकायला लागली. दवाखान्यात तिघंही गेलो. (सासूबाई कशाला? तर मुलगा घाबरेल म्हणून. मुलगा पन्नाशीचा आहे.) हे आत, आम्ही दोघी बाहेर बाकावर. वेळ जाईना म्हणून मी विणकाम काढलं. माझी गोल सुई तू पाहिली आहेस, दोन टोकांना सुया आणि मधे वायर. आतून मशीनचा आवाज आला, त्यावर ह्यांचा आवाज आला, मी दचकले, आणि एक सुई वायरपासून निखळून हातात आली. सगळे टाके मांडीवर उघडे, आ वासून. (आत माझे धनीही तसेच.)

सुटलेला टाका एकटा जात नाही, खालच्यालाही घेऊन जातो. माझ्या डोळ्यांदेखत एक टाका घसरला. मग त्याच्या खालचा. आवाज नाही, काही नाही. हलावं तर बाकीचे सुटणार, न हलावं तर हा पळतोय. आणि मनात आलं ते शालीचं नाही गं. तुझी तकली आता फिरायची नाही, हे आलं.

"हलू नकोस," सासूबाई म्हणाल्या. अगदी वर्गातला आवाज. समोरचे गाल सुजलेले गृहस्थसुद्धा पुतळा झाले. सासूबाई चक्क फरशीवर गुडघे टेकून बसल्या, अंबाड्यातली पिन काढली आणि पळता टाका तिच्या टोकावर धरला. पर्समध्ये सुई होती, दोरा नव्हता. मग त्यांनी दाराकडे तोंड करून हाक मारली, "डॉक्टर, दोरा! लवकर!" कुणाला जखम झाली म्हणून डॉक्टरीणबाई धावत आल्या. मांडीवरचा प्रकार पाहिला, आल्या पावली परत गेल्या आणि दातांच्या फटी साफ करायच्या दोऱ्याची डबी आणून दिली. (दाढ तेव्हा अर्धी बाहेर होती. हे अजून तो विषय काढतात.)

सासूबाई तो दोरा सुईत ओवून एकेक टाका गोळा करत निघाल्या. हात स्थिर, मान मात्र थरथरत होती. मधेच बारीक जागेवर ताण आला. त्या थांबल्या.

"तुटेल का गं?"

"मावशीने कातलाय."

त्यांनी धागा दोन बोटांत घेऊन चाचपला. "मग नाही तुटायचा," म्हणाल्या आणि पुढे गेल्या. शेवटचा टाका दोऱ्यात आला तेव्हा सुजलेल्या गृहस्थांनी टाळ्या वाजवल्या. एवढ्यात हे बधिर तोंडाने बाहेर आले आणि थेट शालीवर बसायला निघाले. आम्ही दोघी एका सुरात ओरडलो. लग्नानंतर आमचं प्रथमच एकमत झालं.

घरी येऊन घसरलेले टाके वर चढवले, शाल पुरी केली, भिजवली आणि नक्षी उमलावी म्हणून पलंगावर टाचण्या टोचून ताणली. ती वाळेपर्यंत सासूबाईंनी त्या खोलीत पंखासुद्धा लावू दिला नाही. धागा टिकला, मावशी. फुंकरीने उडेल अशी झाली आहे. सासूबाईंनी ती खांद्यावर टाकली आणि फिरायला निघून गेल्या.

ह्यांना चावता येत नाही आणि गप्पही बसवत नाही, म्हणून इथेच थांबते. तुझ्या पायांवर डोकं ठेवते.

तुझी भाची

ता.क. शाल तुझ्यासाठी विणली होती. ती अजून त्यांच्या खांद्यावरच आहे.

ता.क. २ खरं काम असं: सासूबाईंना कातायला शिकायचं आहे. कबूल करायच्या नाहीत, पण बटाट्यात पेन्सिल खोचून तकलीसारखी गरगर फिरवताना मी पाहिलं. तू हात लावू नकोस, नुसतं तोंडाने शिकव. महिनाभर ठेवून घे, मलाही जरा शांतता. पत्र त्यांच्याच हाती पाठवते आहे. त्या समोर बसल्या असतील, हसू नकोस.

ता.क. ३ विहीणबाई, हे मी, सासू, लिहिते आहे. पाकीट नीट चिकटलं नव्हतं. तकली माळ्यावरून काढून ठेवा. महिन्याभरात कुठली कला येते? शिकेपर्यंत राहीन. सुनेला इतक्यात कळवू नका, उगाच आनंद होईल.