शून्यावर आणलेला आकडा

तीर्थरूप मामा,

थकलेल्या भाच्याचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामीचा राग उतरला का? मी ठीक आहे, म्हणजे उभा आहे.

तुम्ही शब्द टाकून मला ज्या ग्रंथालयात चिकटवलंत, तिथल्या डेटाबेसला एक खोड आहे. नोंदींचा कुठला तक्ता किती वेळा वाचला, कुठला इंडेक्स (पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची, तिच्यामुळे नोंद झटकन सापडते) किती वेळा कामी आला, हे तो मोजत बसतो. आकडा चढतच जातो, कोणी शून्यावर आणेपर्यंत. आता खालच्या काउंटरवर ती बसते. (कोण ती, हे मामीला विचारा.) काही अडलं की ती आमच्या तक्रारींचा तक्ता उघडते. त्याच्यापुढे आकडा होता नऊ हजार, पण त्यात मी कॉलेज सोडून इथे येण्याआधीची वर्षंही आली. मला हवी होती, निदान इथून पुढे तरी, फक्त माझ्या काळातली ती. म्हणून सोमवारी, सुट्टी असताना येऊन, मी मोजणी पुसली. ती सगळ्याच तक्त्यांची आणि इंडेक्सांची पुसली जाईल, हे डोक्यातच आलं नाही.

मंगळवारी दार उघडायच्या आधीच साहेब म्हणाले, न वापरलेले इंडेक्स काढून टाक, उगाच जागा अडवतात. पाहतो तर सभासदांच्या आडनावांच्या इंडेक्सपुढे शून्य. "कधीपासूनचं शून्य?" असं साहेबांनी विचारलंही. माझं डोकं सटकलं. (मला अक्कल शिकवतात!) म्हटलं, शून्य ते शून्य, आणि दिला उडवून.

दहा वाजता रांग दारापर्यंत. एकेक आडनाव शोधायला चार-चार मिनिटं. ती पहिल्यांदाच जिना चढून माझ्या खोलीत आली. या क्षणाची मी सहा महिने वाट पाहिली होती, मामा. "एका आजोबांनी रांगेतच पुस्तक वाचून संपवलं आणि परत केलं," ती म्हणाली. "तू वर बसून करतोस तरी काय?"

इंडेक्स पुन्हा बांधायला अकरा मिनिटं लागली. मला पुन्हा बांधायला किती लागतील, माहीत नाही. फार दमलोय.

तुमचाच,
भाचा

ता. क. : पत्र मेलवर पाठवतोय, कारण उद्याच साहेबांनी बोलावलंय. त्याआधी त्यांना फोन कराल का? ही नोकरी गेली तर बाबा मला पुन्हा कॉलेजात बसवतील. पोरगा तापट आहे पण खोटं बोलत नाही, एवढंच सांगा.

आणखी एक : खोटं बोलत नाही म्हणून सांगतो. सोमवारपासून तक्रारींचा तक्ता बेचाळीस वेळा उघडला गेला. हरखलो. मग हिशोब लागला, त्यातल्या एक्केचाळीस वेळा मीच, तिने उघडला का ते बघायला. उरलेली एक ती. तक्रार माझ्याविरुद्ध आहे. पुसून टाकणं माझ्या हातात आहे, पण तिने माझं नाव लिहिलेलं तेवढं एकच ठिकाण आहे. ते काही मी पुसत नाही. तेव्हा फोन सकाळी लवकर करा.