वरच्या दिवाणखान्यातली लाल धूळ

प्रिय आई,

तुझ्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर एकच, आम्ही मजेत आहोत. तुझी कंबर कशी आहे? मार्सेयला ऊन पडलं असेल. इथे ब्रिटनीत भिंती अजून ओल्याच आहेत.

हवेली भाड्याने द्यायला तयार झाली. शनिवारी पहिले पाहुणे येतायत, ऐंशी माणसांचं लग्नाचं वऱ्हाड! त्यांना थंडी वाजू नये म्हणून तुझ्या जावयाने, गास्तोंने, हिवाळाभर एकही खिडकी उघडू दिली नाही. त्यामुळे वरच्या दिवाणखान्यात जरा अळंबीसारखा वास येतो, एवढंच. रोज सकाळी जमिनीवर विटकरी धूळ साचते. मी पुसते.

परवा सुतार ओनोरेकाका आले होते. स्वयंपाकघरात स्टुलावर चढून त्यांनी वरच्या दिवाणखान्याची जमीन पेलणाऱ्या तुळईला चाकू टेकवला, तो मुठीपर्यंत आत गेला. काका खाली उतरले आणि मयताला आल्यासारखी त्यांनी टोपी काढली. म्हणाले, "पोरी, हे लाकूड राहिलं नाही आता. बुरशीने खाल्लंय, ती लाल धूळ तिचीच. वर कुणाला पाय ठेवू देऊ नकोस."

गास्तों हसला. "म्हाताऱ्याला काम हवंय, दुसरं काय!" त्याने तुळईला रंग देऊन घेतला. छान दिसते.

तू शनिवारी मदतीला येच. झोपायची सोय बागेतल्या खोलीत केलीय. स्वयंपाकघरात मात्र फार वेळ थांबू नकोस.

आत्ताच नवरीमुलीचा फोन आला होता. वर नाचलं तर चालेल ना, विचारत होती. गास्तों म्हणाला, "बिनधास्त नाचा!"

मी शेजारीच उभी होते, आई.

तुझी,
ओदील