ग्वेनबाईंचं गाव

४ मार्च
सईच्या इथल्या, आखातातल्या शाळेत ‘एका गावाचा वारसा’ असा प्रोजेक्ट. वाटलं, माझं घाटातलं माहेर घेईल. तिनं घेतलं वेल्सच्या डोंगरातलं खेडं, इतिहासाच्या ग्वेनबाईंचं. “आपलं का नाही?”
“आई, देअर्स नथिंग देअर.”

९ मार्च
ड्यूटीवरून आले तर टेबलावर स्लेटचा, पाटीच्या काळ्या दगडाचा, तुकडा. ग्वेनबाईंच्या आजोबांनी खाणीत स्वतः चिरलेला. सई सांगत सुटली. तिथे घरांना नंबर नाहीत, नावं आहेत. खाण बंद पडली, आता चॅपेलात, गावच्या छोट्या चर्चमध्ये, म्हाताऱ्या बायका जुनी अवजारं मांडून बसतात. सुहासही ऐकत होता. मी माहेरचं काढलं की हाच नवरा मोबाइल उघडतो.
जळले. इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे बोलणार.

१५ मार्च
स्लेट माझ्या कपाटात, साड्यांखाली. सईनं घर पालथं घातलं. “तू पाहिलीस?” “नाही.” आयसीयूत माणसं माझ्या भरवशावर असतात, आणि मी हे.

१६ मार्च
हरवली म्हणून सईनं बाईंना सांगितलं. त्या म्हणे हसल्या. दगडच तो, आमच्याकडे डोंगरभर पडलेत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१९ मार्च
बाहेर नुसती धूळ. स्लेट घेऊन शाळेत गेले. मीच लपवली, म्हटलं. ग्वेनबाईंनी खुर्ची पुढे केली.
“माझ्या आईला वेल्श येत होती. मला शिकवली नाही, उपयोग काय म्हणाली. मी पस्तिशीत क्लास लावून शिकले. सई तुमच्याशी तुमच्या भाषेत बोलते ना? हेवा वाटतो मला.”
सई इंग्रजीत उत्तरं देते, हे सांगितलं नाही. त्यांना हेवा वाटू दिला.

२० मार्च
सईला खरं सांगितलं. तिनं खोलीचं दार लावून घेतलं.

२ एप्रिल
प्रोजेक्ट पहिला आला. जुलैत ग्वेनबाई चार मुलांना गावी नेणार, त्यात सई. जुलैत आम्ही माहेरी जाणार होतो. माझी आई सईची वाट बघतेय. संमतीच्या कागदावर सुहासची सही झाली.
“आई, तुझी?”
“पेन चालत नाहीये.”
खालच्या बकाल्यातून, किराणा दुकानातून, नवं घेऊन आली. समोर ठेवलं, आणि मराठीत म्हणाली, “कर ना सही.”
शेजारी उभी आहे अजून.