कोको, बिनदुधाचा

२ फेब्रुवारी, सकाळी ७
आजपासून कोको. दूध नाही, साखर नाही. मासिकात लेख आलाय. कोकोतली काही द्रव्यं रक्तवाहिन्या सैल करतात, प्रेशर उतरतं. पण दूध घातलं की त्यातली प्रथिनं या द्रव्यांना धरून बसतात आणि अंगाला म्हणावी तशी लागू देत नाहीत. काही शास्त्रज्ञांना हे पटत नाही, असंही शेवटी बारीक अक्षरात छापलंय. ते शास्त्रज्ञ दूधवाल्यांचे असणार.
प्रेशरची गोळी बंद. एका म्यानात दोन तलवारी नकोत. हिला तसं सांगितलं. ही काहीच बोलली नाही. एकोणतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा.

३ फेब्रुवारी
चव भयंकर. उद्यापासून कोको मी करते, असं ही आपणहून म्हणाली. तुम्ही गॅसवर भांडं विसरता म्हणे. खरं आहे. पण आपणहून? मी वजनमापांचा निरीक्षक. सत्तावीस वर्षं दुकानदारांचे काटे तपासतोय. जो 'या साहेब, बसा' म्हणतो, त्याच्या पारड्याखाली हमखास काहीतरी चिकटवलेलं असतं.

६ फेब्रुवारी
कपाच्या तळाशी पांढरे कण! बोटांत चोळून पाहिले. दूधच. माझं कडू तोंड हिला बघवत नसणार. विचारलं, तर म्हणाली, कोकोचा गाळ असतोच तसा. आणि कप विसळायला नेला. घाईघाईने.

७ फेब्रुवारी
दुधाच्या बाटलीवर पेनाने रेघ मारली. हिला पत्ता नाही.

८ फेब्रुवारी, संध्याकाळ
दूध फक्त चहापुरतं उतरलं. रेघेशेजारी हिच्या अक्षरात 'ही रेघ वाकडी आहे' असं लिहिलेलं.
म्हणजे दुधाची पावडर वापरते. दोन तास कपाटं धुंडाळली. पावडर सापडली नाही. लपवल्याचा आणखी काय पुरावा हवा?

११ फेब्रुवारी
कामात लक्ष नाही. एका दुकानदाराचा काटा बरोबर निघाला. तीनदा तपासला. तो म्हणाला, साहेब, कधी कधी बरोबरही असतो. असं कोण बोलतं? चौथ्यांदा तपासला.

१४ फेब्रुवारी
मुलीला फोन केला. ती म्हणाली, बाबा, आईवर पाळत ठेवताय? मी म्हटलं, पाळत नाही, निरीक्षण. ती म्हणाली, ती सांगेल ते गुपचूप प्या. म्हणजे मुलगीसुद्धा सामील.

१८ फेब्रुवारी, सकाळी ६.४०
अंघोळीला जातो म्हणून नळ सोडला आणि अनवाणी स्वयंपाकघराच्या दाराशी आलो. हिने तांदळाच्या डब्यातून काहीतरी काढलं, दोन चमच्यांत धरून चुरडलं आणि माझ्या कपात टाकलं. मग मागे न बघताच म्हणाली, पाणी वाया जातंय.
भेसळही खरी, पाण्याचंही खरं.

१९ फेब्रुवारी
तळाचा गाळ छोट्या बाटलीत भरला. बूच लावलं, वर लाख, लाखेवर शिक्का. खात्याचा शिक्का घरी वापरू नये, पण प्रकरण गंभीर आहे. उद्या प्रेशर तपासायला डॉक्टरांकडे जायचंय. हीपण येते म्हणाली. यावं. आरोपी हजर असलेला बरा.

२० फेब्रुवारी
प्रेशर १३०-८४! दोन वर्षांत सगळ्यात कमी. डॉक्टरांना कोकोबद्दल समजावून सांगितलं. मग बाटली टेबलावर ठेवली. म्हटलं, ही बाई यात दूध मिसळत असताना ही प्रगती. न मिसळती, तर काय झालं असतं!
डॉक्टरांनी हिच्याकडे पाहिलं. ही म्हणाली, औषधाच्या दुकानात विचारूनच केलं, ही गोळी कुटली तरी चालते.
माझीच गोळी. सतरा दिवस.
डॉक्टर चष्मा काढून हसले. दुधाबद्दल शास्त्रज्ञांचंच अजून एकमत नाही म्हणाले, तुम्ही कोको कसाही प्या, पण गोळी सोडायची नाही. मग, आलाच आहात तर, म्हणून हिच्या दंडाला पट्टा बांधला. १६८-१०२. हसणं थांबलं. पुन्हा बांधला. तेच.
झोप लागते का, त्यांनी विचारलं. ही म्हणाली, या महिन्यात नाही. रोज वाटायचं, यांना कळलं तर कप ओतून देतील, आणि मग यांना काही झालं तर?
परत येताना म्हटलं, तूही कोको सुरू कर. ही पुढे चालत होती. ऐकू गेलं नसावं.

२३ फेब्रुवारी
डॉक्टरांनी हिला विश्रांती सांगितली. कशापासून, ते सांगितलं नाही. ही आठ दिवस मुलीकडे गेली.
सकाळी कोको केला. दूध घालून. गोळी सात दहाला, अख्खी. हिचा फोन आला, गोळी घेतली का? म्हटलं, घेतली. म्हणाली, फोटो पाठवा. पाकिटातल्या रिकाम्या खणाचा पाठवला. हिचं उत्तर आलं, रिकाम्या खणाने काही सिद्ध होत नाही.
दुपारी मुलीचा फोन. उद्यापासून गोळी जिभेवर ठेवून पाणी पिईपर्यंतचा व्हिडिओ पाठवायचा. आईने सांगितलंय, तोंड उघडून दाखवायचं, जीभ वर करून.
बरं म्हटलं.