पाठाच्या दिवशीची हजेरी

गुरुजी, तुम्हाला जाऊन इतकी वर्षे लोटली, तरी कुणी वाक्य मोडके लिहिले की मी अजून मनातल्या मनात तुमच्याकडे पाहतो. आज मात्र व्याकरणाची तक्रार नाही. परवा सांगलीहून साताऱ्याला परतलो, तेव्हापासून मी हादरलेला आहे, आणि ज्यांना हे सांगावे असे तुमच्याशिवाय कुणी उरलेले नाही.

माझी नात एम.ए. झाल्यावर सांगलीच्या एका महाविद्यालयात बी.एड. आणि एम.एड. या जोड अभ्यासक्रमाला गेली. सलग तीन वर्षे आणि शेवटी दोन्ही पदव्या एकदम. शिक्षक होण्याचे शिक्षण आणि शिक्षकांना घडवण्याचे शिक्षण, यांच्यामध्ये एका दिवसाचीही नोकरी नाही! दुसऱ्याच्या पाठाचे निरीक्षण करायला मला प्रथम पाठवले, तेव्हा माझ्या नोकरीला चौदा वर्षे झाली होती. ही पोर तिसऱ्या वर्षालाच पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे सराव पाठ पाहते आणि त्यांच्या वह्यांत अभिप्राय लिहिते. मी तिला फोनवर स्पष्ट सांगितले, की स्वतः वर्गात पाच-सात वर्षे काढल्याशिवाय असे करणे हा उद्धटपणा आहे. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "आबा, एकदा येऊन बघा. मग हवं तर मला नापास करा."

म्हणून गेलो. कुपवाडच्या कारखान्यांमागे एक शाळा आहे; कामगारांची मुले तिथे शिकतात. चौथीचा वर्ग, विषय अपूर्णांक, पाठ घेणारी पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी बावीस-तेवीस वर्षांची. आम्ही फाटकाशी पोचतो, तो एक बाई स्कूटरवरून उतरते. मागे आठ-नऊ वर्षांची मुलगी, हँडलला जेवणाचा डबा. तिने माझे धोतर आणि नातीच्या हातातली वही पाहून आम्हीच अधिकारी असे ठरवले असावे. "आवं बाई, आज हिला शाळंत पाठवू नका म्हणून निरोप आलाय. कोन सायब येनार हायत म्हनं. मग मी हिला मांडीवर घेऊन मशीन चालवू का?" निरोप कुणाचा, असे नातीने विचारले. "त्याच, नव्या बाई. आमची लेक जरा दमानं बोलती. सायबाला तेवढा दम नसंल." एवढे म्हणून तिने माझ्याकडे जे पाहिले, ते मी विसरू शकत नाही. नातीने मुलीचा हात धरला, तिला वर्गात नेले आणि पहिल्या ओळीत बसवले.

पाठ सुरू झाला. प्रस्तावना नेमकी, फळ्यावरचे अक्षर चांगले, मुलांची उत्तरे तर इतकी तत्पर की तालीम झालेली असणार, हे मला दुसऱ्याच प्रश्नाला कळले. नातीलाही कळले असावे. मग त्या विद्यार्थिनीने, बहुधा भीतीपोटीच, पहिल्या ओळीतल्या मुलीला विचारले, की अर्ध्याचे अर्धे म्हणजे किती. मुलगी उभी राहिली. ओठ हलतात, शब्द येत नाही. वर्ग गप्प. तुमच्या निकषाने त्या शांततेचे निदान चार गुण गेले असते. आणि मग त्या विद्यार्थिनीने पाठाचे नियोजन लिहिलेल्या आपल्या टाचणवहीचे, होय, टाचणवहीचे, पान टरकन फाडून मुलीच्या हातात दिले. मी अक्षरशः दचकलो. मुलीने कागदाची घडी घातली, पुन्हा घातली, कागद उलगडला, बोटाने भाग मोजले आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, "चार झालं. त्यातला एक." तोवर तास संपला होता.

नातीने लिहिलेला अभिप्राय मी तिच्या खांद्यावरून वाचला. नियोजनाचा निम्माच भाग झाला, त्याला हरकत नाही. मुलीला घरी ठेवण्याचा निरोप का दिला, हे येऊन सांगावे. बस्स. मी असतो तर पहिल्या वाक्यातच तिला नापास केले असते आणि दुसरे वाक्य मला सुचलेच नसते.

नंतर चहा घेताना तिने आपल्या प्रबंधाचा विषय सांगितला. सातारा-सांगलीकडच्या शाळांची हजेरीपत्रके ती तपासते आहे. पाठाच्या दिवशी वर्गातली मुले कमी होतात, आणि कमी होणारी मुले बहुधा तीच, अडखळणारी असतात. हे कोणत्याही पुस्तकात नाही, ती म्हणाली. प्रत्येक तुकडी पुढच्या तुकडीला वसतिगृहात सांगते. जुन्या शिक्षकांसाठी तिने प्रश्नावली केली आहे. ती माझ्यापुढे ठेवून तिने सहज विचारले, "तुमच्या ट्रेनिंगच्या शेवटच्या पाठाला सगळी मुलं होती ना, आबा?"

मी म्हणालो, होती.

गुरुजी, नव्हती. चौथीचाच वर्ग होता, साताऱ्याच्या आपल्या सराव शाळेतला. आदल्या दिवशी मी दोघांना बाजूला घेऊन उद्या येऊ नका म्हणालो. एक अडखळत बोलणारा, कल्हईवाल्याचा मुलगा. दुसरी मुलगी, जिला धाकट्या भावाला कडेवर घेऊन यावे लागे. तो वाचताना प्रत्येक काना-मात्रेपाशी थांबे, ती भावामुळे उठून जाई. त्यांना सुट्टी मिळाल्याचा आनंद झाला, असे मी तेव्हा स्वतःला सांगितले. पाठ असा झाला, की तुम्ही सर्वांसमोर माझी पाठ थोपटलीत. ज्या तुम्ही महिनाभर आधी टाचणातला समास वाकडा म्हणून माझी वही खिडकीबाहेर टाकली होतीत, त्याच तुम्ही संध्याकाळी मला घरी नेलेत. स्वयंपाकघरात पाटावर बसवून गुरुपत्नींनी गरम थालीपीठ वाढले आणि तुम्ही स्वतःचे व्याकरणाचे पुस्तक माझ्या हाती दिलेत. त्या पाठावर मी सारी नोकरी अभिमानाने केली. पुढच्या तुकडीतल्या मुलांनी युक्ती विचारली, तेव्हा मी तीही सांगितली.

त्या दिवशी हजेरीपत्रक तुमच्याच टेबलावर उघडे होते. तुम्ही पाहिले होते का? हे विचारायला मी लिहायला बसलो, आणि आता उत्तर नकोसे झाले आहे. तुम्ही पाहिले नसेल, तर मी तुम्हाला फसवले. पाहिले असेल, तर मला ते कळू नये.

प्रश्नावली समोर आहे. मी तिच्यातले सात स्वल्पविराम आणि दोन वेलांट्या लाल शाईने दुरुस्त केल्या. एक जागा दोन दिवस रिकामी ठेवली: पाठाच्या दिवशी मुद्दाम अनुपस्थित ठेवलेली मुले. आज तिथे 'दोन' असे लिहिले, खाली सही केली. ती उद्याच्या टपालाने सांगलीला जाईल. हे पत्र कुठेच जाणार नाही.

ती पोचली की नात फोन करील. त्या दोघांची नावे काय होती, हे ती विचारणारच. मला आठवत नाहीत, गुरुजी. सकाळपासून आठवतो आहे.